साखळीसकट

७ एप्रिल
केबिन ४११७, संध्याकाळचे सहा

धाकटे,

तू भरून दिलेल्या शांपूच्या बाटलीतली जिन आत्ताच प्यायले आणि ढेकर आला तो गुलाबाचा. सात वेळा धुतली, उकळत्या पाण्याने धुतली, असं छातीठोकपणे सांगत होतीस. आठव्यांदा धुवायला हवी होती. मार्टिनीत घालायच्या वर्मूथचं मात्र झकास जमलंय. खोकल्याच्या औषधाची बाटली, वर चिठ्ठी, 'दोन चमचे, जेवणानंतर'. जहाजावर चढताना तपासणीवाल्या बाईने ती हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी लगेच खोकून दाखवलं. एकतीस वर्षं बार चालवलेली बाई स्वतःचीच दारू चोरून नेतेय, हे आपल्या गिऱ्हाइकांना सांगू नकोस. उरलीसुरली इज्जत जाईल.

इथे बार नाहीत असं नाही. पाच आहेत. काल सहाव्या मजल्यावरच्या एका बारमध्ये गेले. बारमन देखणा, दात पांढरेशुभ्र. मार्टिनी मागितली तर त्याने ते भांडं खांद्यावरून असं काही खळखळवलं की मला वाटलं आता पत्त्यांचा खेळही दाखवेल. आतला बर्फ फुटून त्याचा चुरा झाला, पेल्यात गढूळ पाणी आलं. माप नाही, काही नाही, अंदाजपंचे ओतणं. मी म्हटलं, "बाबा रे, ही ढवळतात." तो गोड हसून म्हणाला, "मॅडम, इथे सगळ्यांना अशीच आवडते." मी पेला तसाच ठेवून उठले.

म्हणून आज केबिनमध्येच मांडामांड केली. दात घासायच्या पेल्यात बर्फ घालून तो गार केला. ढवळायला नव्या टूथब्रशचा दांडा. ऑलिव्ह जेवणघरातून कागदी रुमालात बांधून आणले, पाच. माप म्हणून शांपूच्या बाटलीचं बूच. बर्फ खोली आवरणारी बाई देते, हसतमुख आहे. मी दुसऱ्यांदा मागितला तर म्हणाली, "मॅडम, आत्ताच तर आणून दिला." बादली त्या लाइफ जॅकेटच्या कपाटाआड होती, मला दिसली नव्हती. एवढीशी केबिन आणि त्यात कपाटं तरी किती.

दुकानाचं रंगकाम कुठवर आलं? दहा दिवस म्हणता म्हणता आता पंधरा झाले. मला एकदाही पाऊल टाकू दिलं नाहीस, धुळीने खोकला वाढेल म्हणून. खोकला तर बराय. हिरवा सोडून कुठलाही रंग दे. आणि स्टुलं दुरुस्त करून घे, तिसऱ्याचा पाय डुगडुगतो. सूरवाले हल्ली येत नाहीत म्हणून ते तसंच ठेवू नकोस. पियानो जुळवणाऱ्या माणसाला कामासाठी कुठे कुठे जावं लागतं. येतील, जातील, आपण किती मनाला लावून घ्यायचं?

तू मला जबरदस्तीने पाठवलंस तेव्हा मी तुला खूप बोलले. "एकतीस वर्षांत एक सुट्टी नाही घेतली ताई तुम्ही," असं म्हणून तू रडलीससुद्धा. जावाजावांची भांडणं जगजाहीर असतात. आपण दोघी मात्र हे आणि भाऊजी गेल्यावरही एकाच घरात, एकाच काउंटरमागे राहिलो. तुझे आभार मानायचे राहून गेले, ते मानते. समुद्र बरा आहे. मोठा आहे.

तुझी ताई


९ एप्रिल
संध्याकाळचे साडेसहा

धाकटे,

लबाड बाई. इतके दिवस बॅगेत होतं आणि मला पत्ता नाही. आज सगळे बंदरावर उतरून बाजारात गेले. मी गेले नाही, गुडघा दुखत होता. बॅग रिकामी करायला घेतली तर तळाशी तुझ्या लोकरी मोज्यात काहीतरी जड. मोजा उलटा केला आणि गादीवर पडलं आपलं पेग मोजायचं दुतोंडी माप. साखळीसकट.

मी ते कितीतरी वेळ हातात घेऊन बसले होते. दुकानाबाहेर ते मी कधी पाहिलंच नव्हतं. एवढं लहान आहे? काउंटरवर मोठं वाटायचं.

आठवतं ना, पहिल्या वर्षी तीन मापं चोरीला गेली होती. गिऱ्हाईक बोलता बोलता खिशात घालायचं आणि चालू पडायचं. मग ह्यांनी चौथ्याला साखळी लावली, काउंटरच्या फळीला भोक पाडलं, साखळीचा बोल्ट त्यातून घातला आणि खालून चाकी आवळून वर डिंकासारखं काहीतरी ओतलं. "आता हे न्यायचं तर काउंटर न्यावं लागेल," म्हणाले. भाऊजी हसले, "दादा, धुवायचं कसं?" त्याचा कुणी विचारच केला नव्हता. तेव्हापासून आपल्याकडे माप पाण्याकडे जात नाही, पाणी मापाकडे येतं. रोज दुकान बंद करताना गरम पाण्याचं पातेलं घेऊन तू यायचीस आणि मी ते बुडवून धुवायचे. नवीन कामाला लागलेल्या मुलींना ते बघून आपण वेड्या वाटायचो.

तर आज खऱ्या मापाने मार्टिनी केली. मोठी वाटी जिन, छोटी अर्धी वर्मूथ, चाळीस वेळा ढवळणं. पहिली बिघडली, जहाज हललं आणि वर्मूथ दोनदा पडलं. दुसरी मात्र अशी झाली की ह्यांनी मिशीवरून बोट फिरवलं असतं. गुलाबाचा वासही आला नाही.

फक्त एक कळलं नाही. काढलंस कसं? साखळी कापलेली नाही, पूर्ण आहे. टोकाला बोल्ट आहे, चाकी आहे, आणि चाकीला लाल रंगाचा पोपडा चिकटलाय. तो लाल मी ओळखते. फाटकाचा रंग उरला होता, तो ह्यांनी फळीच्या खालच्या बाजूला मारला होता, वाळवी लागू नये म्हणून. तो फक्त खालून, फळी उचलली तरच दिसतो. सुतारांकडून काढून घेतलंस का? रंगकामाच्या नादात फळी उचलली असशील, तर परत बसवताना पाणसळ लावून बघ. डावीकडे उतार राहिला तर पेले घसरतील.

ताई


११ एप्रिल
सकाळचे अकरा

धाकटे,

सकाळी जहाजावर संकटाची कवायत होती. लाइफ जॅकेट घालून सगळ्यांना डेकवर रांगेत उभं केलं. एक अधिकारी समजावून सांगत होता की भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका, आहात तसे या. मी उभी होते आणि डोक्यात फळी.

ती उचलायची कशी, याचा मी हिशेब लावत होते. आधी बेसिन काढावं लागतं. बेसिनच्या आधी नळ. मग फ्रिजची नळी, खालचं पाय ठेवायचं लोखंड, आणि समोरची आठही स्टुलं, कारण ती जमिनीत बोल्टने बसवलेली आहेत. मागे पाइप फुटला होता तेव्हा चार माणसांना दोन दिवस लागले होते, आणि शेवटी त्यांनी फळी न उचलताच बाजूने काम केलं. भिंतीला रंग द्यायला कुणी काउंटर काढत नाही, धाकटे. हे मला नऊ तारखेलाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी ते बाजूला ठेवलं, जसं आपण नको असलेलं पत्र बरणीखाली ठेवतो.

मग सह्या आठवल्या. जहाजाचे फॉर्म म्हणून तू कागद आणलेस, मी भाजी निवडत होते, चष्मा आत होता. "इथे करा ताई. आता इथे. तब्येतीचा फॉर्म आहे, इथे." तू बोट ठेवत गेलीस आणि मी करत गेले. तेरा सह्या. त्यातला एक कागद इतरांपेक्षा जाड होता, कडेला निळी रेघ. मी म्हटलंसुद्धा, "जहाजवाल्यांचा कागद भारी आहे." तू हो म्हणालीस. उठून पाणी प्यायलीस.

जागा दोघींच्या नावावर आहे. सोडायची तर दोघींची सही लागते.

आज बंदर आहे, मोबाइलला रेंज आली. तुला फोन केला नाही. तू फोनवर गोड बोलतेस आणि मी विरघळते. दुकानाला केला. एक बाई बोलली, ध्वनिमुद्रित आवाजात, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी तीनदा लावला. तिन्ही वेळा ती तेच, त्याच शांतपणे बोलली.

उगाच काहीतरी मनात आणतेय असं अजूनही वाटतं. तसं असेल तर हे पत्र फाडून टाक आणि मला मूर्ख म्हण. तू म्हटलेलं मला चालेल.

ताई


१२ एप्रिल
दुपारचे चार

जहाजाच्या फोनवरून आपल्या रोजच्या गिऱ्हाइकाला, प्रूफवाल्यांना फोन केला. चुकीची अक्षरं शोधण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस खोटं बोलायला गेला तर अडखळतो, म्हणून त्यांनाच.

"अरे वा, ताई! तब्येत कशी आहे आता?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"माझ्या तब्येतीला काय धाड भरली?"

"नाही, म्हणजे, त्या संध्याकाळी तुम्ही अंथरुणात होतात ना. ताप होता."

"कुठली संध्याकाळ?"

मग म्हणाले, "ताई, तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

धाकटे, त्यांच्यावर रागावू नकोस. मी एकेक शब्द उपटून काढला त्यांच्या तोंडातून.

तर दुकानाच्या निरोपाची संध्याकाळ झाली. मार्चची सव्वीस तारीख, पाच वाजता. मी घरी वाफारा घेत होते, तू मला गरम पाणी करून दिलंस आणि "सुतार येणारेत, बघून येते," म्हणून निघालीस. नवी साडी नेसली होतीस. मी विचारलंही, सुतारासाठी नवी साडी? तू म्हणालीस, जुन्या सगळ्या धुवायला टाकल्यात. आणि तिकडे चाळीस माणसं. दाराबाहेर रस्त्यावर उभी राहून प्यायली म्हणे. ज्यांना आपण उधारी बंद केली होती तेसुद्धा आले. कुणीतरी भाषण केलं, ह्यांचं नाव घेतलं, भाऊजींचं घेतलं, माझंही घेतलं. माझ्या नावाने पेले उंचावले. मी तीन गल्ल्यांपलीकडे डोक्यावरून टॉवेल घेऊन पातेल्यात तोंड घालून बसले होते.

जाताना प्रत्येकाने काहीतरी नेलं. प्रूफवाल्यांनी घड्याळ नेलं. आठ जणांनी आठ स्टुलं, ती सुतारांनी आधीच सुटी करून ठेवली होती. शेवटचा पेग तू ह्याच मापाने ओतलास, मग सुतारांनी आधीच मोकळी करून ठेवलेली फळी उचलली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या.

जागा गेली हे मी एक वेळ गिळलं असतं. माझी सही तू फसवून घेतलीस, तेही कदाचित. पण माझ्या दुकानाच्या निरोपाला अख्खं गाव होतं आणि मला तू घरी वाफारा देऊन बसवलंस. परक्याने केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या असत्या. तुझं दार आणि माझं दार एकच आहे, मी जाऊ कुठे?

आणि तरीही बॅगेत माप ठेवलंस. ते का, हे मला कळत नाही. तुला वाटलं मी नुसती खूश होईन? एकतीस वर्षं मी ती साखळी हातात धरली, आणि तिच्या टोकाला काय आहे हे मी बघणार नाही?


१४ एप्रिल
संध्याकाळचे सहा

दोन दिवस लिहिलं नाही. मार्टिनीही केली नाही. खोली आवरणाऱ्या बाईने न मागता बर्फ आणून ठेवला, तो वितळला.

प्रूफवाले आणखी एक बोलले होते, ते मी परवा लिहिलं नाही. आधी ते लिहिणार नव्हतेच. पण तू जे केलंस ते का केलंस, याचं उत्तर त्यात आहे आणि ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. आपण दोघी तीन महिने त्याला वळसा घालून चालतोय.

नऊ तारखेला मी लिहिलं, जहाज हललं म्हणून वर्मूथ दोनदा पडलं. जहाज हललं नव्हतं. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. मी एकदा ओतलं, ढवळायला घेतलं, आणि ओतलंच नाही असं वाटून पुन्हा ओतलं. बर्फाची बादली कपाटाआड नव्हती. माझ्यासमोर टेबलावर होती.

आता जानेवारीचं लिहिते. मंगळवार होता. साडेपाचला सूरवाले आले, खांद्याला हत्यारांची पिशवी, तिसऱ्या स्टुलावर बसले. चौदा महिने त्या माणसाने थेंब घेतला नव्हता. रोज यायचे, लिंबू-सोडा घ्यायचे, कारण घरी बसलं तर जास्त आठवण येते म्हणायचे. आपणच त्यांना सांगितलं होतं, या, इथे तुम्हाला कुणी आग्रह करणार नाही. महिना भरला की तू त्यांच्या सोड्यात लिंबाची जास्तीची फोड टाकायचीस. चौदा फोडी झाल्या होत्या.

मी प्रूफवाल्यांशी बोलत होते. माझ्या हातांनी पेला गार केला, मापाने जिन घेतली, चाळीस वेळा ढवळलं, एक ऑलिव्ह घातलं आणि सूरवाल्यांपुढे ठेवलं. त्यांची जुनी मार्टिनी. वीस वर्षं रोज तीच करत होते, हाताने तीच केली. ते पेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, नक्की?"

आणि मी काय म्हणाले, ते तू ऐकलं नाहीस, तू मागे बर्फ आणायला गेली होतीस. मी म्हणाले, "घ्या की. माझ्या हातची आहे."

मला खरंच आठवत नव्हतं, धाकटे. त्या क्षणी माझ्या डोक्यात ते चौदा महिने नव्हतेच. कुणी पुसून टाकावेत तसे. तू बर्फ घेऊन आलीस तेव्हा पेला रिकामा होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मला तेव्हा आठवलं. मी फडका घेतला आणि काउंटर पुसायला लागले, जिथे काही सांडलं नव्हतं तिथे.

आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. ते यायचे बंद झाले. महिन्याभराने त्यांची बायको दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही, बोलली नाही, माझ्याकडे बघितलं आणि गेली. मी विचारलं, कोण होती गं? तू म्हणालीस, "रस्ता चुकली असेल." मी तिला ओळखलं होतं. तू खोटं बोललीस आणि मी ते घेतलं, कारण मला ते हवं होतं. तिथूनच सुरू झालं असेल हे सगळं. तू एक खोटं दिलंस, मी घेतलं, मग तुला वाटलं की ताई घेतात.

आता प्रूफवाले काय बोलले ते. त्या संध्याकाळी सूरवाले आले होते. पुन्हा सोडलीय त्यांनी, दोन महिने होत आले. तिसऱ्या स्टुलावर बसून लिंबू-सोडा घेतला. तुला विचारलं, "ताई कुठे?" तू म्हणालीस, ताप आहे. ते शेवटपर्यंत थांबले. सगळे गेले तरी थांबले. मग म्हणाले, "दोन शब्द बोलायचे होते त्यांच्याशी. असो, राहू दे." आणि ते डुगडुगतं स्टूल उचलून निघून गेले.

ते दोन शब्द काय होते, मला माहीत नाही. शिवी असेल, माफी असेल, काहीही असेल. ते माझे होते. मलाही त्यांना काहीतरी सांगायचं होतं, तीन महिने ते माझ्या घशात अडकलंय, खोकला खोकला म्हणून तू ज्याला वाफारे देत होतीस तो कदाचित हाच. तू मला त्यांच्यापासून वाचवलंस असं तुला वाटत असेल. तू मला माणसातून उठवलंस.

दुकान बंद करायलाच हवं होतं. हे लिहिताना हात थांबत नाहीये, बघ. ज्या बाईच्या हाताला कुणी काय सोडलंय ते आठवत नाही, तिने काउंटरमागे उभं राहू नये. हे तू मला म्हणाली असतीस तर मी थैमान घातलं असतं. एखादा पेला फोडला असता. तुला घरभेदी म्हटलं असतं, भाऊजींना मध्ये ओढलं असतं, चार दिवस जेवले नसते. पाचव्या दिवशी ऐकलं असतं. कदाचित पंधराव्या. पण भांडायचा माझा हक्क होता. तू मला लहान मुलासारखं खाऊ देऊन बाहेर पाठवलंस आणि मागे घर आवरलंस.

एवढा मोठा खाऊ. अकरा मजली.


१६ एप्रिल
सकाळचे दहा, शेवटचा दिवस

धाकटे,

उद्या सकाळी धक्क्याला लागू. पहिली तीन पत्रं जहाजाच्या पेटीत टाकली होती, ती तुला मिळाली असतील किंवा मिळतील. बाकीची सोबत आणतेय.

आज उरलेली जिन बेसिनमध्ये ओतून दिली. सगळी मोरी गुलाबाने घमघमली. वर्मूथ ठेवलंय, खोकल्यासाठी म्हणू. मग गरम पाण्याचा नळ सोडला आणि माप धुतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माप पाण्याकडे गेलं. साखळी बेसिनवर आपटून आवाज करत होती, लाल पोपडा सुटला आणि मोरीत गेला. मी तो अडवायला बोट घातलं होतं, पण उशीर झाला. नंतर बराच वेळ रडले. खोली आवरणारी बाई दार वाजवून परत गेली.

आता नीट वाच. हे मी एका कागदावर वेगळंही लिहून पर्समध्ये ठेवलंय, माझा भरवसा मला नाही.

धक्क्यावर येऊ नकोस. हार, फुलं, पिशवी धरायला म्हणूनही येऊ नकोस. मी टॅक्सी करून आधी सूरवाल्यांकडे जाणार आहे. पत्ता प्रूफवाल्यांकडून घेतलाय, तोही पर्समध्ये आहे. दार त्यांची बायको उघडेल. तिने आत बोलावलं तर जाईन, नाही बोलावलं तर पायरीवरून बोलेन. मी काय केलं ते मी तिला माझ्या तोंडाने सांगणार आहे, तारीख आणि वारासकट, 'घ्या की' म्हणाले तेही. मग त्यांचे दोन शब्द ऐकेन. ते काहीही असले तरी पूर्ण ऐकेन. माप त्यांना देणार नाही, असलं नाटक मला जमत नाही. ते मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगणार आहे. उसळीचं मीठ मोजू त्याने.

मी तुला माफ केलेलं नाही. घरी आल्यावर तू माझ्यापुढे जेवण वाढशील, मी जेवेन, एवढ्यावरून माफ केलं असं समजू नकोस. तुझ्या नव्या साडीबद्दल मी तुला आयुष्यभर बोलणार आहे. आणि डॉक्टरकडे न्यायचं असेल तर डोक्याच्या डॉक्टरकडे नेतेय असं सांगून ने. चष्म्याचा नंबर तपासू म्हणून नेलंस तर मी रिक्षातून उडी मारेन, गुडघा असा असला तरी.

माझ्याकडे घराची किल्ली आहे, पण ती वापरणार नाही. बेल वाजवीन. दार तू उघड. उंबऱ्यातच, मी चपला काढायच्या आधी, जे मला फेब्रुवारीत सांगायचं होतंस ते सांग. दुकान बंद केलं हेही सांग, मला माहीत आहे म्हणून टाळू नकोस. का बंद केलं तेही सांग. माझ्याकडे बघून, तोंडावर सांग.

आणि मी विसरले, तर पुन्हा सांग.

ताई